आपलीच मॅक्सीन

मॅक्सीन पेल्शाने तेहेतीस वर्षं एकाच पक्षाला डोळे मिटून मत दिलं, आणि पक्षाने तिला सभेच्या खुर्च्या मांडायला ठेवलं. तिची धाकटी बहीण ओडेट मात्र अपक्ष मतदार. पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मनाला येईल त्या पक्षाची मतपत्रिका मागायची, मत टाकायचं आणि बाहेर पडताना दाराजवळच्या टेबलावर सही करून पुन्हा अपक्ष व्हायचं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हे चालतं. आणि उमेदवार उंबरे झिजवतात ते असल्याच लोकांचे.

त्या शनिवारी गव्हर्नरपदाचा उमेदवार वॉरन ट्रास्क ओडेटच्या स्वयंपाकघरात दीड तास बसला. सफरचंदाचा केक मॅक्सीनने केलेला, कौतुक झालं ओडेटचं.

“तुमच्यासारखे विचार करणारे मतदार हवेत,” तो ओडेटला म्हणाला. निघताना त्याने मॅक्सीनच्या खांद्यावर थाप मारली. “मॅक्सीन काय, आपलीच आहे.”

मॅक्सीनच्या अंगाचा तिळपापड झाला. आपलीच म्हणे! म्हणजे विचारायलाही नको.

“सकाळी दुसऱ्या पक्षाचाही येऊन गेला गं,” ओडेट कपबशा उचलत म्हणाली. “डोकं उठवलंय मेल्यांनी. तुझं बरं आहे, तुला कुणी छळत नाही.”

मॅक्सीनने उरलेला केक डब्यात भरला आणि घरी नेला. बहिणीला एक तुकडा ठेवला नाही.

सोमवारी ती नगर कार्यालयात गेली. खिडकीतली बर्निस तिच्या वर्गातली.

“पक्षातून नाव काढायचंय? तुझं? कुणाशी भांडलीस गं?”

“मुकाट्याने अर्ज दे.”

ट्रास्कच्या घरभेटींची यादी दरवेळी मॅक्सीनच करायची. त्यात घरं फक्त अपक्षांची. या खेपेला तिने सगळ्यात वर स्वतःचं नाव घातलं आणि ओडेटचं गाळलं. मत्सर होता, दुसरं काही नाही. तिलाही ते कळत होतं.

गुरुवारी दुपारी ट्रास्क दारात उभा राहिला. “मॅक्सीन? यादीत घोळ झालाय वाटतं.”

“घोळ नाही. मी अपक्ष झालेय.”

ट्रास्कचं हसू मावळलं. त्याने कोट काढला, खुर्ची ओढली. “आमचं काय चुकलं? तुम्हाला काय हवंय ते मोकळेपणी सांगा. शाळा? कर? दवाखाना?”

तेहेतीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती बोलायला गेली, आणि सांगण्यासारखं काहीच सापडेना. त्याचं पत्रक तिला तोंडपाठ होतं, त्यातला शब्द न् शब्द पटत होता. हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी येऊन असं समोर बसावं. याची तिला लाज वाटली.

ट्रास्कने घड्याळ बघितलं, तो उठला आणि त्याने कोटाच्या बाहीत हात घातला. “मग आमच्याबरोबर आहात ना?”

इतक्यात फोन वाजला. ओडेटचा. दाराशी उभी असलेली ट्रास्कची गाडी तिला समोरच्या तिच्या घराच्या खिडकीतून दिसत असणार. मॅक्सीनने तो वाजू दिला.

हो म्हटलं की हा निघणार, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“अजून ठरलं नाही माझं,” ती म्हणाली.

ट्रास्कने बाहीतून हात काढला आणि तो पुन्हा खाली बसला.