शाळेचे काळे बूट

मनिलाजवळच्या मारिकिना गावात मे महिना लागला की घराघरांतून हातोड्यांचे आवाज सुरू व्हायचे. जूनमध्ये शाळा उघडणार, पोरांना काळे बूट लागणार आणि ते मारिकिनाच करणार, हे इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कुणी बोलतही नसे. मग एकेक घर गप्प होत गेलं. त्या वर्षी गल्लीत एकट्या लेओनिलाच्या तळमजल्यावर ठोकाठोकी चालू होती.

नवरा गेल्यापासून कारखाना तीच चालवायची. कारखाना कसला, जिन्याखालची एक लांबट खोली. रोसेंदा मशिनवर चामड्याचे वरचे भाग शिवायची. म्हातारे आंबोकाका ते लाकडी साच्यांवर ताणून खाली सोल बसवायचे. कापणं, पॉलिश, खोकी भरणं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे सगळं लेओनिलाचं. माल ठेवायला खाली जागा उरली नाही, तेव्हा खोकी वर तिच्या पलंगाशेजारी रचली गेली. सगळा माल शहरात, कुबाओच्या गोदोफ्रेदोच्या दुकानात जायचा. लेखी काही नसे. दरवर्षी तो उचलतो म्हणजे यंदाही उचलणार.

यंदा तो म्हणाला, "नको."

"नको म्हणजे?"

"बसा आधी. पाणी घ्या." गोदोफ्रेदोने फळीवरून एक बूट काढून तिच्या हातात दिला. काळाभोर, चकचकीत. "हा बघा. तुमच्या जोडाच्या निम्म्याहून कमी किमतीत. परदेशातून बोटीने येतो म्हणे, ढिगाने."

लेओनिलाने बूट वाकवला, नाकाशी नेला, अंगठ्याने आतला तळ दाबला. "पुठ्ठा आहे हा! पाण्यात पाय पडला की लापशी होईल."

"होऊ दे की."

"असं कसं म्हणता? वीस वर्षं तुम्ही माझ्या नवऱ्याचा माल विकलात!"

"विकला, आणि अभिमानाने विकला. पण गेल्या साली तुमचे निम्मे जोड माझ्याकडे पडून राहिले. तुम्हाला बोललो नाही. वहिनी, गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेव्हा पाण्याचा विचार करत नाही, खिशाचा करतं. मी त्याला काय शिकवणार?"

ती घरी आली तेव्हा आंबोकाकांनी हातोडी थांबवून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते पुन्हा ठोकायला लागले. त्या रात्री भात तसाच राहिला.

सकाळी मात्र तिला एक गोष्ट सुचली आणि ती चर्चच्या शाळेत गेली. मुख्याध्यापिका सिस्टर पेर्पेतुआ याच गावात वाढलेल्या, त्यांचे वडीलही बूटच करायचे. लेओनिलाचं बोलणं संपायच्या आत त्या म्हणाल्या, "आपल्या गावातल्या पोरांच्या पायांत आपल्या गावचे बूट नसतील तर कुणाच्या पायांत असतील? गणवेशातच घालून टाकू. शनिवारी पालकसभा आहे, तू ये."

लेओनिला परत आली ती जवळजवळ पळतच. येताना तिने गरम पाव आणले. आंबोकाकांना म्हणाली, "पॉलिशचे डबे काढा. सगळे जोड पुन्हा चमकवा. शाळा आपले बूट गणवेशात घालतेय." रोसेंदा मशिनवरून मान वर न करता म्हणाली, "सक्ती करणार का, ताई?"

"सक्ती कसली? नियम."

रोसेंदाने पुढचा तुकडा सुईखाली सरकवला. तिची तीन मुलं त्याच शाळेत होती.

शनिवारी सभागृहात पंखे गरगरत होते आणि आया हातातल्या कागदांनी वारा घेत होत्या. सिस्टरनी नियम सांगितला तशी कुजबुज उठली. एक रिक्षावाला मागून ओरडला, "सिस्टर, बुटांबरोबर पैसे पण शाळाच देणार का?" लोक हसले. सिस्टरनी लेओनिलाला बोलायला सांगितलं.

ती बोलली, आणि चांगलं बोलली. अस्सल चामडं, दुहेरी शिवण, दोन वर्षं हलायचा नाही. शिवाय हा पैसा गावातच राहील.

"दोन वर्षांत माझ्या पोराचा पाय केवढा होईल!" एक बाई म्हणाली. "तुमचा बूट टिकेल हो, पाय थांबेल का?"

"मोठ्याचा धाकट्याला होतो."

"मला धाकटी मुलगी आहे."

पुन्हा हशा झाला. आणि तो ओसरता ओसरता मधल्या रांगेतून रोसेंदा उभी राहिली. लेओनिलाला वाटलं, आली माझ्या मदतीला. तिने सभेला सांगितलंसुद्धा, "हिला विचारा! हीच शिवते."

"हो, मीच शिवते," रोसेंदा म्हणाली. "बूट चांगलेच आहेत. मारिकिनात याहून चांगले कुणी करत नाही. पण सिस्टर, नियम नका करू. मला तीन मुलं आहेत. मी शिवलेले बूट मला परवडत नाहीत."

इतका वेळ हसणारा रिक्षावालासुद्धा खाली बघू लागला. सिस्टरनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि नियमाचं आपण नंतर बघू, असं म्हणाल्या. नंतर बघायला जूनपर्यंत दिवस तरी कुठे उरले होते!

सोमवारी रोसेंदा नेहमीसारखी आली, मशिनवरचं फडकं काढलं आणि बसली. लेओनिला तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

"चारचौघांत माझं नाक कापलंस आणि आता इथे येऊन बसतेस? माझ्या घरचं खाऊन?"

"तुमच्या घरचं नाही, ताई. माझ्या हातचं."

"मला सांगायचंस! तुझ्या मुलांना तीन जोड मी दिले नसते का?"

"दिले असते. पण मागायचे का मी? मी काम करते ना?"

"मग काय, मजुरी वाढवू? कुठून वाढवू? वाढवली की बूट महागला, महागला की तो गोदोफ्रेदो..."

"तेच ना," रोसेंदा हळू म्हणाली. "तुम्हाला द्यायला परवडत नाही, मला घ्यायला परवडत नाही. मी तुमच्याविरुद्ध नाही बोलले, ताई. खरं ते बोलले."

हे खरं होतं, आणि तेच लेओनिलाला सहन झालं नाही. "ऊठ," ती ओरडली. "ऊठ माझ्या मशिनवरून! पुन्हा पाय ठेवू नकोस इथे."

आंबोकाका म्हणाले, "लेओनिला, अगं पोरी..." पण ती ऐकण्यापलीकडे गेली होती. रोसेंदाने स्वतःची कात्री फडक्यात गुंडाळली, काकांच्या पाया पडली आणि निघून गेली.

शाळा उघडायला आठवडाच उरला तेव्हा लेओनिलाने एक टेम्पो ठरवला आणि पलंगाशेजारचा सगळा माल मनिलात, दिविसोरियाच्या बाजारात नेला. परदेशी बूट जिथे ढिगाने विकले जात होते तिथेच, दोन ढिगांच्या मध्ये, तिने ताडपत्री अंथरली. आंबोकाका सोबत होतेच. आयुष्यभर कुणाशी धड न बोललेला तो माणूस तिथे घसा फोडून ओरडत होता, "चामडं बघा, चामडं! हात लावायला पैसे नाहीत!"

लोक हात लावत होते. वाहवाही करत होते. किंमत ऐकली की बूट हलकेच खाली ठेवत होते, झोपलेलं मूल ठेवावं तसा. लेओनिलाने किंमत उतरवली, पुन्हा उतरवली, शेवटी चामड्याचे पैसेही निघणार नाहीत इतकी खाली आणली. तरी शेजारच्या ढिगाशी तिची बरोबरी होईना.

एक बाई मुलीला घेऊन बराच वेळ उकिडवी बसली होती. तिने बूट मुलीच्या पायात घातला, पुढचा भाग चाचपला. "माझे वडील असेच घालायचे," ती म्हणाली. "वास अगदी तोच."

"घ्या ना मग. तुम्ही म्हणाल तो भाव."

बाईने मुठीतल्या नोटांकडे पाहिलं. "यात दप्तर घ्यायचंय, वह्या घ्यायच्यात, हिच्या भावाचे बूट घ्यायचेत. तिकडचा घेतला तर सगळं बसतं."

"डिसेंबरपर्यंत फाटेल तो!"

"फाटेल," बाई म्हणाली. "डिसेंबरात काहीतरी करीन. आज एवढेच आहेत." तिने मुलीच्या पायातला बूट काढला, स्वतःच्या पदराने पुसावा तसा झग्याच्या टोकाने पुसला आणि जागेवर ठेवला.

ऊन कललं तेव्हा कुणीतरी शीळ घातली. फुटपाथ मोकळे करणारी गाडी आली होती. आसपासच्या विक्रेत्यांनी ताडपत्रीची चार टोकं धरली आणि हलका माल खांद्यावर टाकून ते क्षणात गल्ल्यांत दिसेनासे झाले. लेओनिलाचा माल जड होता, खोक्यांत होता. आंबोकाकांचे गुडघे वाकेनात. तिने दोन खोकी उचलली, मागे पाहिलं, तर उरलेली गाडीत फेकली जात होती. झाकणं उघडून बूट रस्त्यावर सांडत होते आणि माणसं त्यांवरून चालत होती.

हातातली खोकी टाकून ती गाडीच्या फळीला लोंबकळली. "साहेब, हा बाहेरचा माल नाही हो! आपला आहे, आपल्याच देशातला!"

"बाई, फुटपाथला देश नसतो," गाडीवरचा माणूस म्हणाला. तो काही उर्मट नव्हता, दमलेला होता. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. "दंड भरा आणि सोडवून न्या." दंड भरायला जे लागणार होतं ते असतं तर ती दिविसोरियाला आलीच नसती.

गाडी गेली. आंबोकाका कठड्यावर बसून राहिले होते, हातात एकच बूट, डाव्या पायाचा. लेओनिलाच्या चपलेचा पट्टा गर्दीत कुणाच्या तरी पायाखाली येऊन मुळापासून उपसला होता, आणि रस्ता तापलेला, काचांनी भरलेला. समोरच्या गाड्यावर रबरी चपला टांगल्या होत्या.

"कुठला रंग देऊ, काकू?" चपलावाल्याने विचारलं.

"कुठलाही. सगळ्यात स्वस्त."

त्याने हिरव्या दिल्या. तिने घातल्या, पैसे दिले, काकांना हाताला धरून जीपनीत, त्या लांबट प्रवासी गाडीत, बसवलं. गाडी सुटल्यावर तिच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण पायात घालायची वस्तू उलटी करून पाहिली नाही. कुठली आहे, कुणी केली, काही विचारलं नाही. ती पायांकडे बघत राहिली आणि मग तिला जे रडू फुटलं ते मारिकिना येईपर्यंत थांबलं नाही. आंबोकाका खिडकीबाहेर बघत होते.

जूनमध्ये शाळा उघडली. लाकडी साचे एका बेकरीवाल्याने भट्टीसाठी नेले. आंबोकाका मुलीकडे राहायला गेले. मग एका रविवारी लेओनिला नदीकाठच्या वस्तीत रोसेंदाच्या दारात जाऊन उभी राहिली.

रोसेंदाने तिला आत घेतलं, बसायला स्टूल दिलं. "काम आहे का, ताई?"

"नाही."

"मग?"

लेओनिला म्हणाली, "मशीन घेऊन जा तू. मला नकोय."

"मी काय शिवू त्यावर?" रोसेंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिकच लागलं. "परवापासून दिविसोरियात एका गाड्यावर उभी राहते. बुटांच्याच. तुमच्यापेक्षा थोडे जास्त देतात."

दाराशी मुलांचे तीन जोड ओळीने ठेवले होते, काळे, चकचकीत. लेओनिलाचा हात सवयीने त्यांतल्या एकाकडे गेला. तिने तो वाकवला. टोकाशी सोल एवढ्यातच तोंड उघडू लागला होता.

"शिवलेला नाहीच हा," ती म्हणाली. "नुसता चिकटवलाय."

"माहितेय, ताई," रोसेंदा म्हणाली. "मला नाही कळणार तर कुणाला?"

लेओनिलाने ते उघडं टोक अंगठ्याने दाबून धरलं. रोसेंदाने चुलीवर दोघींसाठी कॉफीचं आधण ठेवलं.