उरलेलं मोजणारी मावशी

मित्रांनो, मी एक जुनी गव्हाण आहे. सिमेंटची, काठ उडालेली आणि तोंडाने फटकळ. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

एका गवंड्याने मला साच्यात ओतलं. जनावराच्या जिभेला खरखर लागू नये म्हणून आतून तळहाताने घोटलं. त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. भिंतीवर पाटी आहे, ती फीत कापणाऱ्याची.

आमच्या गोठ्यात वळूंची परीक्षा होते. निरनिराळ्या घरचे, एका वयाचे गोऱ्हे इथे आणतात. सगळ्यांना एकच खुराक. चारा, भरडलेल्या धान्याचा भरडा, पेंड, सगळं ठरल्या मापाने. पाच महिन्यांत कोण किती भरला ते वजनकाट्यावर बघतात. जो अव्वल ठरेल त्याची वासरं शेकडो गोठ्यांत जन्मतात. म्हणजे इथे माप चुकलं, की ती चूक लोकांच्या दावणीला पिढ्यान्‌पिढ्या बांधली जाते.

हे माप गोठ्यात खुराक घालणाऱ्या मावशीच्या हातात होतं. घालताना कोणीही मोजतं हो. मावशी रोज सकाळी आधी माझ्यातलं उरलेलं मोजायची. मूठभर असलं तरी काट्यावर. "घातलं ते आपलं, खाल्लं तेवढंच त्याचं," म्हणायची. गडी हसायचे. मी मात्र इस्त्रीच्या कपड्यांतले कितीतरी साहेब पाहिले; तिच्या नखाची सर एकालाही नव्हती.

एका वर्षी माझ्यापाशी तांबडा गोऱ्हा बांधला. गोठ्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या मेहुण्याचा. वजनात मधलाच होता. मेहुणा आला आणि म्हणाला, "मावशी, दोन घमेली भरडा जास्त टाकत जा. घरचाच आहे."

"मग वाढेल तो गोऱ्हा की भरडा?"

"फार शिकलेल्या दिसता."

"फार शिकले नाही, म्हणून तर मोजते."

मावशीच्या सुट्टीच्या दिवशी त्याने स्वतःच अर्धं पोतं माझ्यात ओतलं. मला काय झाकण आहे? तांबड्याने सगळं हाणलं.

दुसऱ्या सकाळी चारा जसाच्या तसा. तांबडा दात खात उभा, पोट तट्ट, एकेक पाय उचलून ठेवतोय. मावशीने माझ्या तळाला चिकटलेला भरडा खरवडून पाहिला. "दाणा आंबलाय पोटात. खुरं जातील याची." गुरांच्या डॉक्टरांना तिनेच बोलावलं. औषध चालू असेपर्यंत फक्त वाळलेला चारा दिला, पायांखाली जाड गवत पसरलं. आणि वहीत ठळक लिहिलं: बाहेरचा भरडा खाल्ला. परीक्षेतून बाद.

"आजारी होता, एवढंच लिहा ना," साहेब म्हणाले. "कोणाला कळतंय?"

"याची वासरं ज्याच्या दारात उभी राहतील त्याला कळेल. खोडायचं तर तुमच्या हाताने खोडा." तिने वही पुढे सरकवली. साहेबांनी पेन काही उचललं नाही.

तांबडा बरा झाला. न्यायला आलेला मेहुणा फणफणला, "तुमच्या हट्टापायी गेला माझा गोऱ्हा."

"गेला खरा," मावशी म्हणाली, "पण चालत गेला."

मित्रांनो, जनावर पाळाल तेव्हा लाड जरूर करा, पण मोजून. मुक्या जिवाला "आता पुरे" म्हणता येत नाही. ते आपण म्हणायचं असतं, मग समोर साहेबाचा मेहुणा का असेना.