चौदा नंबरचा कोन

रविवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी, येलहंक्याच्या पुढे एका बंद गोदामाच्या काँक्रीटच्या आवारात, लाल दोन आसनी गाडीचं मागचं डावं चाक चौदा नंबरच्या कोनला घासलं. प्लास्टिकचा कोन पडला नाही. वीतभर सरकला आणि उभाच राहिला. दहा पावलांवर असलेल्या रघुजींनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"चौदा. एक कोन."

गाडी त्यांच्या मुलीची, सौम्याची होती. चालवत तीच होती.

ऑटोक्रॉसमध्ये गाड्या एकमेकींच्या मागे धावत नाहीत. एकेक गाडी एकटी सुटते, कोनांमधून वळणं घेत येते, आणि घड्याळात जो आकडा पडतो तो तिचा. कोन उडवला की दोन सेकंद दंड. पण नुसता हलला तर दंड नाही. प्रत्येक कोनच्या बुडाभोवती चुन्याची चौकट आखलेली असते. कोन उभा असेल आणि बुडाचा एखादा कोपरा जरी रेघेला टेकत असेल, तर तो साफ धरतात. म्हणून कोन राखणाऱ्या मार्शलने आधी जवळ जायचं, वाकून बघायचं आणि मगच बोलायचं. क्लबात नव्याने येणाऱ्यांना हे रघुजीच शिकवत.

चामराजपेटेत त्यांचं चाळीस वर्षांचं गॅरेज. घराणं कितीतरी पिढ्यांपासून कर्नाटकातलं. घरात मराठी, पण उंबरा ओलांडला की कन्नड, आणि आता उंबऱ्याच्या आतही अर्धी कन्नडच. गुडघे गेले तसं त्यांनी चालवणं सोडलं. कोन राखणं सोडलं नाही. उन्हात टोपी घालून उभं राहायला क्लबात कुणी राजी नसे. हे मात्र हौसेने उभे राहत.

त्या दिवशी सकाळी मंजुनाथने त्यांना बाजूला घेतलं होतं. मंजुनाथ निपाणीकडचा, क्लबाचा सगळा कारभार त्याच्याकडे.

"रघुअण्णा, तुम्हाला दोन नंबरवर टाकू का? तिथे कोन सहसा कुणाला लागत नाही. घरच्या माणसाने घरच्या गाडीचे कोन बघायचे म्हणजे..."

"म्हणजे काय? पोरगी दिसली की मी डोळे मिटीन?"

"तसं नाही हो."

"मग राहू दे. सरी, ठीक?"

सौम्या हेल्मेट काखेत धरून ऐकत होती. "मंजुअण्णा, असू दे. अप्पांच्या समोर कोन उडाला तर मी आज घरी जेवायलाच जाणार नाही."

"आलीस तरी अर्धाच भात मिळेल," रघुजी म्हणाले, आणि तिघेही हसले.

हंगामाची ही शेवटची फेरी. महिला गटात जी पहिली येईल तिला कोइंबतूरचा एक रॅली संघ वर्षभरासाठी घेणार होता. गाडी त्यांची, टायर त्यांचे, मेकॅनिक त्यांचा. सौम्या बत्तीस वर्षांची. मारतहळ्ळीतली तिची कंपनी तिला हैदराबादला पाठवायला निघाली होती, आणि तिने उत्तरासाठी रविवार संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली होती. जिंकली तर नोकरी सोडायची, नाही तर हैदराबाद. हे रघुजींना माहीत होतं, त्यांच्या बायकोला, रत्नाबाईंना माहीत होतं, मंजुनाथलाही माहीत होतं.

चौदा नंबरचा दंड सांगून झाल्यावर रघुजी कोनपाशी गेले. खरं तर हे आधी करायचं. पण गाडी पोरीची होती, चाक लागल्याचा आवाज स्पष्ट आला होता, आणि आपण क्षणभर जरी थांबलो तरी लोक म्हणतील बापाने विचार केला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते वाकले. बुडाचा मागचा कोपरा चुन्याच्या रेघेवर होता. अंगठ्याएवढाच, पण होता.

त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. तेवढ्यात त्यातून मंजुनाथचा आवाज आला.

"ऐकलंत का सगळ्यांनी? रघुअण्णांनी सख्ख्या मुलीला कोन दिला! माणूस असावा तर असा!"

शामियान्याकडून टाळ्यांचा आवाज आला. कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली. रघुजींचं बोट बटणावर होतं. पुढची गाडी सुटली होती, रस्त्यातून बाजूला होणं भाग होतं. त्यांनी कोन उचलला, चौकटीच्या बरोबर मध्ये ठेवला आणि मागे सरले. त्यानंतर तिथे बघण्यासारखं काही उरलं नाही.

निकाल सव्वाबाराला लागला. सौम्याचे अठ्ठावन्न पूर्णांक एकतीस सेकंद, अधिक दंडाचे दोन. त्याच गटातल्या कावेरीचे एकोणसाठ पूर्णांक चार. हरकत घ्यायला अर्धा तास असतो. मार्शलला चूक दुरुस्त करायलाही तेवढाच.

सौम्या पाण्याच्या पिंपापाशी आली. "अप्पा, खरंच बाहेर गेला होता? मला वाटलं, स्वल्पच लागला."

"गेला होता."

"सरी. तुम्ही बघितलंत म्हणजे झालं."

तिने हरकत घेतली नाही. पाऊण वाजता मंजुनाथने कागदावर सही केली. घरी जाऊन ती जेवली, बापाला चिडवून पूर्ण भात मागून घेतला, आणि संध्याकाळी हैदराबादला होकार कळवला. तिसऱ्या आठवड्यात ती गेली. लाल गाडी गॅरेजात मागच्या भिंतीला, ताडपत्रीखाली राहिली.

रघुजींनी ही गोष्ट रत्नाबाईंना सांगितली तेव्हा दीड महिना उलटून गेला होता. त्या डाळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मला सांगून काय उपयोग? फोन तिला करा."

त्यांनी आधी मंजुनाथला केला. त्यातल्या त्यात तो सोपा होता.

"अण्णा, निकाल आता बदलत नाही," मंजुनाथ म्हणाला. "कावेरी कोइंबतूरला गेली, तिचा सराव चालू झाला. पण तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मी तिथेच होतो की."

तू कौतुक केलंस म्हणून, असं रघुजींच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. साठी उलटलेल्या माणसाने टाळ्यांपायी गप्प बसणं, हे दुसऱ्याच्या नावावर घालण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सौम्याला फोन केला आणि सगळं सांगितलं, आवाजावरून दंड दिला तिथपासून. तिच्या मागे ऑफिसातली माणसं बोलत होती.

"रेघेवर आहे, हे कधी बघितलंत?"

"लगेच. वाकलो तेव्हाच."

"म्हणजे मी विचारलं, त्याच्या आधी."

"हो."

"दंड दिलात त्याचं काही नाही, अप्पा. कुणाचीही चूक होते. पण मी विचारलं होतं." मागून कुणीतरी तिला हाक मारली. "मीटिंग आहे. ठेवते."

त्यानंतर तिचे फोन आईला येतात. अप्पांची तब्येत ती विचारते, औषधं घेतात का विचारते. फोन त्यांच्याकडे द्या, असं म्हणत नाही.

नव्या हंगामाची पहिली फेरी पुढच्या रविवारी आहे. क्लबात जुन्या खेळाडूचा नंबर नोंदणी बंद होईपर्यंत राखून ठेवायची पद्धत आहे, सौम्याचा सत्तावीस. मंजुनाथने तिला अर्ज पाठवला आहे. तिने तो उघडून बघितल्याचं त्याला दिसलं, एवढंच. रघुजींनी ताडपत्री काढली, तेल बदललं, मागचे दोन्ही टायर नवे घातले. या वेळी मला कुठल्याच कोनवर उभं करू नकोस, हेही त्यांनी मंजुनाथला सांगितलं. मुलीला मात्र यातलं काही कळवलं नाही. रत्नाबाईंनीही आपणहून सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मंजुनाथने क्लबाच्या फोनवरच्या गटावर नोंदणीची यादी टाकली. एकोणचाळीस नावं होती. सत्तावीस नंबरसमोरची जागा रिकामी होती. नोंदणी बंद व्हायला एक तास बाकी होता.