दाराखालची सव्वा किलो

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी प्लेट आहे. व्यायामशाळेत रॉडच्या टोकांना अडकवतात ना, त्यांतली सगळ्यांत लहान, सव्वा किलोची. आम्ही जुळ्या बहिणी. एक व्यायाम शिकवणाऱ्या उस्तादांच्या डुगडुगत्या टेबलाखाली, आणि मी दाराखाली. वारा आला की दार माझ्यावर आपटते. स्वस्थता म्हणून नाही.

आमच्याकडची रीत अशी की वजन वाढवायचे ते दहा-दहा किलोंनी. पन्नासनंतर थेट साठ. पाचच्या खालच्या प्लेटीला हात लावणे म्हणजे नामुष्की.

एकदा ग्रंथालयात काम करणारी एक ताई आली. "उस्ताद, बाबा अंथरुणाला खिळलेत. सत्तावन्न किलो भरतात. त्यांना उचलून खिडकीशी खुर्चीत बसवायचंय."

एवढेच तिचे ध्येय. पन्नासपर्यंत ती भराभर पोचली. तेवढ्यात घरे रंगवणाऱ्या दादाने डिवचले, "ताई, टाका साठ! लाजता काय?"

तिने टाकले. रॉड गुडघ्याशी आला आणि कमरेत उसण भरली.

तीन आठवडे ती फिरकली नाही. दार वाजले की वाटे, तीच. पण दुसराच कोणी येई आणि मला ठेचकाळून वर मलाच शिव्या घाली.

चौथ्या आठवड्यात ती आली, अडखळली, वाकून माझ्यावरचा आकडा वाचू लागली.

"उस्ताद, ही चालेल?"

"चालेल की. जोडी लागेल पण."

"कुठाय जोडी?"

उस्तादांनी टेबलाकडे पाहिले, मग छताकडे.

तिने चाळीसपासून सुरुवात केली. दर आठवड्याला फक्त अडीच किलो वाढ. एक आठवडा आम्ही बहिणी रॉडवर, पुढचा आठवडा कोपऱ्यात तळमळत.

"अशानं साठपर्यंत म्हाताऱ्या व्हाल!" दादा हसला.

"होईन की. तशीही होणारच आहे."

आठव्या आठवड्यात साडेसत्तावन्न उचलले, तेव्हा रॉडवर आम्हीच होतो. दुसऱ्या दिवशी ती धावत आली. "बसवलं बाबांना! म्हणतात कसे, हळू गं, मी काय लोखंड आहे?"

मला जरा लागले ते. पण असो.

महिन्याने मी पुन्हा दाराखाली, बहीण टेबलाखाली. ताई आली, थेट माझ्याकडे वाकली. "उस्ताद, बाबांचं वजन दोन किलोंनी वाढलंय."

म्हणून सांगते मित्रांनो, दाराला दगड लावा, टेबलाला पुठ्ठा. आम्हा दोघींना हाताशी ठेवा. खिडकीशी बसले की बाबा दोन घास जास्त खातात.