पावाच्या दुकानाची काच

गास्तोनेने पावाची टोपली खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसले.

"लाव की कागद. पण शनिवारपर्यंतच राहील. शनिवारी दुकान बंद."

"सुट्टीवर चाललास?" ओलिंदोने विचारलं.

"कायमचं बंद. जागेच्या मालकाला इथे पर्यटकांना मुखवटे विकायचेत."

"अजून मुखवटे?"

"खरे चेहरे सगळे पुलापलीकडे मेस्त्रेला राहायला गेले. व्हेनिसात कुणीतरी दिसायला नको का?"

ओलिंदो हसला नाही. त्याच्या हातातल्या कागदावर त्याच्या बायकोचा, नोर्माचा फोटो होता. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. खाली छापलं होतं, पहिल्या स्मृतिदिनाची चर्चमधली मिस्सा, येत्या गुरुवारी सकाळी दहाला. गल्लीतलं कुणी गेलं की त्याचा कागद याच दुकानाच्या काचेवर लागायचा. माणसं पाव घ्यायला यायची, वाचायची, एकमेकांना सांगायची. नोर्मा गेली तेव्हा ओलिंदोला एकाही घराची घंटा वाजवावी लागली नव्हती. त्याला ते जमलंही नसतं.

"मग गुरुवारी लोकांना कळणार कसं?"

"खाटकाच्या काचेवर लावला असता, पण तिथे आता फ्रिजला चिकटवायची चुंबकं मिळतात." गास्तोनेने खांदे उडवले. "आज लाव. तीन दिवस तर वाचतील."

पावासाठी थांबलेल्या एर्सिलियाबाई म्हणाल्या, "शनिवारी वाचलेलं गुरुवारपर्यंत माझ्या डोक्यात राहत नाही, आधीच सांगते. आमच्या ह्यांच्या मिस्सेला मीच उशिरा पोचले होते."

"उशिरा नाही, बाई. तुम्ही दुसऱ्याच चर्चमध्ये बसला होतात," गास्तोने म्हणाला.

"तिथेही चांगलीच झाली."

ओलिंदोने बाहेर जाऊन कागद काचेच्या डाव्या कोपऱ्यात लावला आणि चिकटपट्टीवरून दोनदा अंगठा फिरवला.

शनिवारी दहालाच पाव संपले. पाच वाजता मालकाचा माणूस चावी घ्यायला येणार होता आणि त्याला काच लख्ख हवी होती. दुपारी दोघं मित्र गरम पाणी, व्हिनेगर आणि पातं घेऊन बाहेर उभे राहिले. जुन्या कागदांच्या चिकटपट्ट्यांचे पिवळे डाग सहज निघत नव्हते.

"हा आग्नेसेचा," गास्तोने म्हणाला.

"आग्नेसे वर होती. हा तिच्या भावाचा."

"त्यांचं पटायचं नाही."

"म्हणून तर इतके लांब लावले होते."

गास्तोने बराच वेळ त्या डागावर पातं फिरवत राहिला. डाग गेल्यावरही फिरवत राहिला. ओलिंदोने त्याच्या हातातून पातं काढून घेतलं आणि उरलेलं स्वतः खरवडलं.

शेवटी नोर्माचा कागद राहिला. ओलिंदोने चिकटपट्टीखाली नख घातलं. गास्तोनेने बादली उचलली आणि पाणी कालव्यात ओतून टाकलं.

"अरे, अजून राहिलंय ना."

"पाणी संपलं."

"आत नळ आहे की."

"तो आता मालकाचा. हात काढ तिथून."

मालकाचा माणूस वेळेवर आला. तरुण होता, सभ्य होता. त्याने काच खालीवर पाहिली आणि कागदाशी थांबला.

"हे राहिलं वाटतं?"

"बाहेरून लावलंय ते," गास्तोने म्हणाला. "आतली बाजू तुमची. बाहेरची गल्लीची."

"असं करारात आहे?"

"करारात कशाला असेल? सगळ्यांना माहीत असतं."

तरुणाने ओलिंदोकडे पाहिलं, मग फोटोकडे. त्याने चावी खिशात टाकली.

बुधवारी सकाळी ओलिंदो त्या बाजूने गेला. दुकान रिकामंच होतं. बाहेर एर्सिलियाबाई बाजाराची चाकांची पिशवी थांबवून काचेला नाक लावून वाचत होत्या.

"उद्या आहे होय रे?" त्यांनी विचारलं. "दहालाच ना?"

"दहाला. आपल्याच चर्चमध्ये."

"ते कळतं मला."

त्या गेल्या. सगळी काच स्वच्छ झाली होती. डावा कोपरा तेवढा पुसायचा राहिला होता.