निरोपाची कॉफी

युद्ध संपून तीन उन्हाळे उलटले, तरी बोस्नियातल्या त्या गावातले कोंबडे डोंगराकडे तोंड करून आरवत नसत. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

डोंगरावर वरच्या आणि खालच्या आळीचा मिळून एकच झरा. त्याच्या वाटेवर सुरुंग पुरलेले. काढणारी माणसं शहरातून यायला तयार होती, पण म्हणायची, आधी जागा दाखवा. युद्धाआधी दोन्ही आळ्या एकमेकींच्या लग्नात जेवायच्या, युद्धात त्यांनी एकमेकींवर गोळ्या झाडल्या, आणि आता दोघींची मिळून एक समिती होती. प्रमुख वरच्या आळीची विधवा झुम्रा. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, म्हणून.

झुम्रानं खालच्या आळीच्या ओस्तोयाला घरी बोलावलं. युद्धात तो त्याच डोंगरावर पलीकडच्या फौजेत होता, सुरुंगांच्या जागा त्याला ठाऊक असणार.

"बोलव की," तिची जाऊ मेवलिदा म्हणाली, "कबर आधी खणू की नंतर?"

ओस्तोया आला आणि बाकाच्या टोकावर टेकला. एकेकाळी तिच्या नवऱ्याबरोबर नदीवर गळ टाकून बसायचा. झुम्रानं त्याच्याकडे न बघताच कप पुढं ठेवला. घाईघाईनं कॉफी ओतली.

त्यानं कपात पाहिलं. तळाला रंगवलेली चंद्रकोर कॉफीतून स्वच्छ दिसत होती. त्याचा चेहरा उतरला. टोपी घालून तो उठला. "बरोबर आहे, वहिनी. मीच यायला नको होतं."

तो गेल्यावर झुम्रानं भांड्यात डोकावलं. भीतीपायी पूड घालायचीच राहिली होती. सकाळच्या गाळावरच पाणी उकळलं होतं. तिकडे तशी पातळ कॉफी शेवटी देतात. तिचा अर्थ एकच, आता उठा. ही गोष्ट खालच्या आळीत पोहोचली असती, तर समिती बुडाली असती आणि झराही.

ती धावली. तो रस्त्यानं वळसा घालून चालला होता. त्याला गाठायला ती आपल्याच आलुबुखाराच्या बागेत शिरली. गवत कमरेएवढं.

"वहिनी, थांब! पाय उचलू नकोस."

सगळे धरून चालले होते, सुरुंग वर झऱ्याच्या वाटेवरच असतील. इथं बागेत असतील, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

ओस्तोया गवतात शिरला, एकेक पाऊल जोखत. वाकड्या झाडाखाली एक सुरुंग होता, तिथं खूण म्हणून टोपी अडकवली. पुढच्या फांदीला गळपट्टा, मग जाकीट, मग सदरा. झुम्रा पाय रोवून उभी होती. तो जवळ आला तेव्हा अंगात फक्त बनियन, आणि घामानं तोही भिजलेला.

"मीच पुरलेत," तो म्हणाला. "तेच सांगायला आलो होतो. पहिला कप झाला की सांगणार होतो."

"पहिला अजून व्हायचाय," झुम्रा म्हणाली.

त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत ती घरी पोहोचली. मेवलिदा दारातच होती. म्हणाली, "प्रमुखबाई, एका बैठकीत माणसाला उघडं केलंत."

या वेळी झुम्रानं पूड घातली, मुठीनं. ओस्तोया प्यायला आणि खिडकीतून फांद्यांवरचे आपले कपडे पुन्हा पुन्हा न्याहाळू लागला.

"अजून एक पुरला होता," तो म्हणाला. "कुठं, ते आठवेना."

झुम्रानं त्याचा कप भरला, मग पुन्हा भरला. चूल विझू दिली नाही. निरोपाची कॉफी मात्र तिनं त्या दिवशी केलीच नाही. आठवेपर्यंत त्याला उठू द्यायचं नव्हतं.