तक्ता संपला तिथे

१०१८०८१ ही संख्या मूळ आहे, तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, हे मास्तरांनी तरुणपणी उन्हाळ्याच्या एका सुट्टीत सिद्ध केलं होतं. सिद्ध मास्तरांनी केलं, भागाकार बायकोने. मास्तर खुर्चीत बसून हजारापर्यंतच्या तक्त्यातल्या मूळ संख्या एकेक करून वाचायचे आणि ती भाजी चिरता चिरता पाटीवर भागायची. एकशे अडुसष्ट भागाकार झाले, प्रत्येक वेळी बाकी उरली. ९९७ला तक्ता संपला.

"पुढची एक बघू का?" तिने विचारलं.

"तक्ता संपला म्हणजे संपलं. तुला काय कळतंय त्यातलं?"

पुढे मास्तरांनी ही संख्या तीस वर्षं शिकवली. आठवीच्या पेपरात 'ही संख्या मूळ का आहे?' हा पाच मार्कांचा प्रश्न ठरलेलाच. एका वर्षी त्यांच्याच मुलीने लिहिलं, 'मूळ नाही. १००९ गुणिले १००९.' गुणून बघायला दोन मिनिटं लागली असती. मास्तरांनी ती वाचवली, भोपळा दिला आणि पोरीला वर्गासमोर तासभर उभं केलं. तिने गणिताची वही पुन्हा उघडली नाही. आता ती शर्टांच्या कारखान्यात कापड बेतते.

परवा शाळेने मास्तरांचा सत्कार ठरवला. सभागृहाच्या भिंतीवर त्यांची संख्या निळ्या रंगात, हातभर उंच. भेट म्हणून कॅल्क्युलेटर आदल्या दिवशीच घरपोच आला. मास्तरांनी कौतुकाने संख्या टाकली आणि वर्गमुळाचं बटण दाबलं.

१००९. पुढे दशांशचिन्हसुद्धा नाही.

"अगं," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "ही तर पूर्ण वर्ग आहे."

"माहितीये. पोरीला उभं केलंत ना, त्याच संध्याकाळी भागून पाहिलं मी."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत? आता उद्या तुम्हीच सांगा. तिला मुद्दाम बोलावलंय. रजा टाकून येतेय."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. मुलगी तिसऱ्या रांगेत, आईशेजारी. हेडमास्तर म्हणाले, "सरांनीच आता आपल्या संख्येबद्दल दोन शब्द सांगावेत."

मास्तर उठले. "ही संख्या विषम आहे," ते म्हणाले. इथवर खरं होतं. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. रंग अजून ओला होता, पुसताही आला असता.

"आणि मूळ आहे."

टाळ्या कडाडल्या. मुलीनेही वाजवल्या, चारचौघांत शोभतील तेवढ्या.

मास्तर हार सांभाळत घरी आले, तर दाराशी बायकोची पिशवी भरलेली आणि मुलगी चपला घालतेय.

"मी हिच्याकडे राहायला जातेय," बायको म्हणाली.

"किती दिवस?"

"मोजले नाहीत."